मिलिंदची रुंद गाडी आणि माझा टो-बार

हॅमिल्टनमध्ये आम्ही मराठी मंडळी कुणाच्या घरी जेवायला जमलो, की मी मनाशी पक्कं ठरवून जातो: आज मिलिंदच्या गाडीचा विषय काढायचा नाही. पण वाटीत वरण पडेपर्यंतही तो निश्चय टिकत नाही. कुणीतरी म्हणतंच, "शेखर, ते लिंबांचं सांग ना." मग काय! एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसरा निघतो. असे किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही हो. गॅरेजमधल्या भंगारासारखे ते आपोआप साठतात आणि टाकायला काढले की घरातलं कुणीतरी म्हणतं, राहू दे.

तर हे सगळं दोन हजार चार-पाचच्या सुमाराचं. मिलिंद आणि मी एकाच ऑफिसात, दूध कारखान्यांच्या मशीन्सची ड्रॉइंग्ज काढायला. घरंही रोटोटुना ह्या एकाच उपनगरात, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. आम्ही बाकीचे वीकेंडला लॉन कापायचो, भाजी आणायचो. मिलिंदला मात्र स्पीडवेचं वेड लागलं. स्पीडवे म्हणजे मातीच्या गोल ट्रॅकवर गाड्या बेफाम पळवायच्या आणि जमेल तेवढ्या एकमेकांवर आपटायच्या. ह्याने एक जुनी रेसची गाडी आणली आणि दोन हिवाळे गॅरेजमध्ये बसून स्वतःच्या हाताने पुन्हा उभी केली. दारं नाहीत, काचा नाहीत, दिवे नाहीत, आणि चाकं दोन्ही बाजूंनी अशी बाहेर आलेली की गाडी लांबीपेक्षा रुंदीलाच जास्त वाटावी.

अशी गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. ट्रेलरवर घालून ओढून न्यावी लागते. आणि ओढायला टो-बार असलेली युट, म्हणजे मागे हौदा असलेली गाडी, आमच्या मंडळींत माझ्या एकट्याची! घेताना बायकोने विचारलं होतं, आपल्याला ही कशाला? मी म्हणालो होतो, कधीतरी उपयोगी पडेल.

मिलिंदची बायको वैशाली. तिची कोरोला दोन हिवाळे बाहेर दवात कुडकुडत उभी होती. सीझन सुरू होताना तिने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि शांतपणे अट सांगितली.

"ईस्टरच्या आत एक शर्यत पहिल्यापासून शेवटपर्यंत पुरी करायची. आणि गाडी अख्खी घरी आणायची. नाही जमलं, तर विकायची."

मिलिंद लगेच हो म्हणाला. ह्यात काय अवघड आहे, असं मलाही वाटलं होतं.

*

पहिला घोळ ट्रेलरचाच. मिलिंदने तो विकत घ्यायच्या आधी गाडीचं माप घेतलं होतं. इंजिनियर माणूस, टेप लावून मिलिमीटरपर्यंत घेतलं. फक्त बॉडीचं घेतलं, चाकांचं नाही.

गाडी ढकलत ट्रेलरवर चढवली तर अर्ध्यात पुढची चाकं दोन मडगार्डांच्या मधे गच्च अडकली. पुढे जाईना, मागे येईना. मी कपाळाला हात लावून बसलो. मिलिंद घाम पुसत म्हणाला, "थोडं ॲडजस्ट होईल रे."

आता हे मडगार्ड लोखंडाचं. ते काय शेजारच्या काकूंसारखं जरा सरकून बसणार आहे?

एवढ्यात कुंपणावरून ग्रॅहम डोकावला. ग्रॅहम हा मिलिंदचा शेजारी, रिटायर्ड, तरुणपणी स्वतः स्पीडवे खेळलेला. स्वभावाने इतका लाजाळू की मदत करतानाही आपणच सॉरी म्हणणार. तो जाड फळ्या घेऊन आला, त्या ट्रेलरवर रचून मडगार्डांपेक्षा उंच ओटा केला आणि गाडी त्यावर चढवून दिली. तेव्हापासून आमची गाडी रुंदही झाली आणि उंचही. वळणावर आरशात बघायची मला भीती वाटायला लागली. ह्या भानगडीत शनिवार गेला आणि मीट, म्हणजे त्या दिवशीच्या शर्यती, त्याही गेल्या.

*

पुढच्या खेपेला मिलिंदच्या आईचा सांगलीहून फोन आला. नवीन गाडी पहिल्यांदा बाहेर काढताना चाकांखाली लिंबं ठेवा. बरोबर आहे, आपण ठेवतोच. पण कुणाच्या चाकांखाली? चालणार माझी युट, वळणार ट्रेलर आणि शर्यत खेळणार वरची गाडी. ह्यावर ड्राइव्हवेत उभं राहून आम्ही दोघं शिकलेली माणसं वाद घालत होतो. शेवटी मिलिंद म्हणाला, सगळ्यांच्याच खाली ठेवू. ग्रॅहमच्या झाडाची लिंबं संपवली.

युटची आणि ट्रेलरची चिरडली गेली. वरच्या गाडीची कशी चिरडणार? ती जागची हलतच नव्हती. चाकांना टेकून ठेवलेली लिंबं तशीच आमच्याबरोबर निघाली आणि हायवेवर स्पीड घेतल्याबरोबर एकेक करून उडायला लागली.

मागे पोलिसांची गाडी होती.

पोलीस अगदी सभ्य होता. स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवरून उचललेलं लिंबू हातात धरूनच आला आणि विचारलं, हे तुमचं का? मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात मिलिंद पलीकडून वाकून म्हणाला, "यस सर. इट इज फॉर सेफ्टी."

पट्टे, साखळी, फळ्या, एकूण एक गोष्ट त्याने तपासली. आम्ही पोचलो तेव्हा लोक घरी निघाले होते.

*

त्या पोलिसाने पट्टे नीट आवळा म्हणून बजावलं, ते मिलिंदने फारच मनावर घेतलं. खटक्याचे पट्टे सुटू शकतात म्हणाला. मग त्याने कुठूनतरी नायलॉनचा दोर आणला आणि आपल्याकडे टेम्पोवर कपाट बांधतात तशी गाडी बांधून काढली. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक. मी म्हटलं, अरे, सोडवायच्या कशा? तो म्हणाला, सोडवायचं नंतर बघू, आधी पडायला नको.

त्या दिवशी आम्ही चक्क वेळेत पोचलो. काय कौतुक वाटलं होतं मला! आणि मग गाठी सोडवायला बसलो. वाटेत पाऊस लागून दोर असा आवळला होता की नखं तुटली, पण गाठ हलेना. कापू म्हटलं तर मिलिंद कापू देईना, कारण परत जाताना बांधायचं कशाने? आम्ही ट्रेलरवर उकिडवे बसून गाठींशी झगडत होतो आणि पलीकडे ह्याची शर्यत ह्याच्याशिवाय चालू होती, संपलीसुद्धा.

मिलिंदला त्याचं काही नाही. घामाघूम चेहऱ्याने म्हणाला, "पण बघितलंस ना? एवढ्या रस्त्यात गाडी तसूभर हलली नाही."

*

उघड्या ट्रेलरचा आणखी एक ताप म्हणजे गाडी सगळ्या जगाला दिसते. पेट्रोल भरायला थांबलो की माणसं गोळा होणार. हात खिशात घालून चारी बाजूंनी फिरणार आणि विचारणार, इंजिन कुठलं, कुठे पळवता. आणि मिलिंद! "किया ओरा" असा इथला नमस्कार घालून जो सुरू व्हायचा तो थेट पहिल्या हिवाळ्यापासून. मी स्टीअरिंगवर बोटं वाजवत बसायचो. एकदा तर मी हॉर्न दिला. ह्या देशात हॉर्न दिला की लोक घाबरून बघतात.

गाडीत बसल्यावर त्याला मी फाडफाड बोललो. गप्पा मारायच्या तर डेअरीवर दूध आणायला जा आणि मार, मला कशाला ताटकळत ठेवतोस? तो ऐकून घेत होता. मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शेखर, मला इथे येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसातले लोक हवेबद्दल बोलतात आणि वळतात. ह्या गाडीमुळे पहिल्यांदा माणसं आपणहून माझ्याशी बोलायला येतात रे."

वाईट वाटलं मला. पण रागही तेवढाच आला होता, कारण ती मीटसुद्धा हुकलीच.

*

आणि संकष्टीचा दिवस. मिलिंदचा उपास. वाटेत ह्याला चक्कर यायला लागली. एका बर्गरच्या दुकानाची पाटी दिसली तसा म्हणाला, चिप्स चालतील, बटाटाच आहे. मी म्हटलं, पार्क करून आत जाऊ. तो म्हणाला, उशीर होईल, ड्राइव्ह-थ्रूतूनच घेऊ.

आणि मीही घातली गाडी आत. का घातली, देव जाणे.

पहिल्या वळणावर ट्रेलरवरच्या गाडीचं डावं चाक खांबाला टेकलं. मागे पाच-सहा गाड्या येऊन थांबलेल्या. ट्रेलर रिव्हर्स घेणं मला एरवीही जमत नाही, लोक बघत असताना तर नाहीच. मॅनेजर आला, त्याने खांब पाहिला, चाक पाहिलं, आणि सांगितलं की वरची गाडी उतरवा, तेवढाच उपाय आहे. उतरवली. ट्रेलर मोकळा झाल्यावर मी कसाबसा पुढे निघालो आणि माझ्यामागून मिलिंद, धडधड आवाज करत, रेसच्या गाडीतून खिडकीपाशी आला.

तिथल्या मुलीने जराही न दचकता विचारलं, काय देऊ? मिलिंदने आधी तिच्याकडून खात्री करून घेतली की ह्याच तेलात चिकन तळत नाहीत ना. तळत होते. मग त्याने नुसता केळ्याचा मिल्कशेक घेतला!

*

असं करत करत ईस्टर आला. शेवटची मीट दुपारची होती. त्या दिवशी काहीच बिघडलं नाही. वेळेत पोचलो, गाडी उतरली, तपासणीत पास झाली. वैशालीही पहिल्यांदाच आली होती, पण युटमध्ये काच वर करून मासिक वाचत बसली. मदतीला ग्रॅहम होता.

शर्यत सुरू झाली. लाऊडस्पीकरवरचा माणूस मिलिंदला मेलिंडा म्हणत होता आणि लोक हेल्मेटमधली बाई शोधत होते. मिलिंद सगळ्यांच्या मागे होता. पण पुढच्या गाड्या एकमेकांवर आपटून बंद पडत होत्या आणि हा कडेकडेने, आपल्या घाटात चालवावी तशी, गाडी काढत होता. मी वळून पाहिलं तर वैशाली कुंपणाला येऊन उभी होती. क्रीम स्वेटरवर चिखल उडालेला आणि ती गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती, "मिलिंद, सांभाळून! सोडू नकोस!"

त्याने शर्यत पुरी केली. शेवटून पहिला आला, पण पुरी केली. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

आता फक्त गाडी ट्रेलरवर चढवायची आणि अख्खी घरी न्यायची. मिलिंद हेल्मेट न काढताच रॅम्पवरून वर यायला लागला. ग्रॅहम पुढे, माझ्या हौद्यापाशी कडेला उभा राहून त्याला खुणावत होता. आता ह्या ग्रॅहमला इथल्या लोकांसारखंच सरळ नाही म्हणता येत नाही. आधी 'या' म्हणतो, म्हणजे हो, तुमचं ऐकलं. मग 'ना' म्हणतो, म्हणजे नको. आणि हळू, थांब, हे सांगताना तळवा खाली करून हवेत थोपटतो.

गाडी जागेवर आली. ग्रॅहम थोपटायला लागला. "या, ना. या, ना." गाडी आणखी पुढे. ग्रॅहम दोन्ही हातांनी थोपटायला लागला, आवाज चढला. "या, ना! या, ना!" गाडी आणखी पुढे आली, फळ्यांवरून घसरली आणि धाडकन माझ्या युटच्या मागच्या दारात घुसली.

इंजिन बंद पडलं. मिलिंद खिडकीतून बाहेर आला, हेल्मेट काढलं, चेपलेलं नाक बघितलं आणि रडवेल्या आवाजात मला म्हणाला, "अरे, एवढा हात हलवून 'या ना, या ना' करत होता हा. मला वाटलं, अजून जागा आहे."

तो वैशालीकडे बघेचना. नुसता गाडीच्या नाकावरून हात फिरवत होता. ग्रॅहम लाल होऊन आधी मला सॉरी म्हणाला, मग मिलिंदला, मग वैशालीला. त्याला अट ठाऊक होती. त्याने घाबरत तिला विचारलं, म्हणजे आता ही विकणार तुम्ही?

वैशालीने मिलिंदच्या गालावरचा चिखल स्वेटरच्या बाहीने पुसला. मग ग्रॅहमकडे वळली आणि त्याच्याच सुरात म्हणाली,

"या... ना."