सहा बोटांचा पेन्शनर

पेन्शनच्या इतिहासात मेलेली माणसं भेटतात, त्याला माझी हरकत नाही. ती बोलायला लागली की मात्र अवघड होतं.

मी कोल्हापुरात अर्थशास्त्र शिकवतो. संस्थानाच्या जुन्या पेन्शनवहीत मला एक माहूत सापडला. सखाराम बाळू, गाव कोडोली, ओळखीची खूण : डाव्या हाताला सहा बोटं. आणि आजच्या पेन्शनरांच्या यादीत? तेच नाव, तेच बापाचं नाव, तेच आडनाव, तेच गाव! कधीच मेलेल्या माहुताच्या नावावर कुणीतरी अजून पेन्शन उचलतंय, असा निबंध मी ठोकून दिला. सोमवारी तो परिषदेत वाचायचा होता आणि माझी बढती त्याच्यावरच अडकली होती. (पेढे वाटून झाले होते!)

आता माहूत मेल्याची खात्री तेवढी हवी होती. शनिवारी आईला घेऊन कोडोली गाठली. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारात एक बाई शेंगा फोडत होती.

"सखाराम बाळूंना वारून किती वर्षं झाली?"

बाईचा हात थांबला. "वारून? आत बसल्यात की! सकाळपास्नं म्हणत्यात, पेन्शनीचं माणूस येनार हाय."

मी येणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आत अंधार. कोपऱ्यातलं घोंगडं हललं.

"आलासा? लई वाट बघाय लावलीसा, पावणं."

"तुम्ही... हत्तीखान्यात होता?"

"हत्ती कवाच गेला. आमी उरलोय."

घोंगड्यातून डावा हात बाहेर आला. मी बोटं मोजली. चार... पाच... सहा!

"घ्या थंब," म्हणत तो गार हात माझ्या मनगटावर पडला. पुढचं आईकडून कळलं. मी किंचाळत मागे सरलो आणि थेट शेंगांच्या पाटीत बसलो. रडलोसुद्धा.

तोवर बाईकडून सगळं विचारून घेतलेल्या आईनं तोंडावर पाणी मारलं. "येड्या, ह्यो माहुताचा नातू! शाळंत शिपाई हुता. हयातीच्या दाखल्याला थंब घ्यायला पोस्टातलं माणूस येनार हुतं. आज्ज्याचं नाव नातवाला ठेवत्यात, बोटंबी त्येचीच आल्यात. तुझं नाव तरी कुणाचं हाय?"

मी दत्तात्रय पांडुरंग. आजोबा दत्तात्रय पांडुरंग, गावचे मास्तर. त्यांचं पेन्शनबुक आमच्या ट्रंकेत आहे. पहिल्या पानावर माझं पूर्ण नाव आणि त्यावर लाल शिक्का : मयत. लहानपणापासून बघतोय मी ते!

निबंध मागे घेण्याच्या अर्जात कारणाचा रकाना होता. खरं लिहायची लाज वाटली, खोटं लिहवेना. शेवटी कागदपत्रांना धरून लिहिलं : "लेखक मयत."