निम्मी टेकडी

दस्तगीरचाचा माणसाची किंमत थुंकून सांगत. नगरसेवक बोलायला लागला, की नुसती मान वळवून. इंजिनिअर बोलायला लागला, की उठून थेट गटारापर्यंत जाऊन. आणि पुण्याहून सल्लागार आला त्या दिवशी तर नुकतीच मळलेली तंबाखू तोंडात टाकायच्या आधीच फेकून दिली. मी इंजिनिअर. म्हणजे गटारापर्यंतचा.

आमची नगरपालिका साताऱ्याहून सांगलीला जाताना लागते. नाव सांगत नाही. माझी पेन्शन चालू आहे. चाचा तिथे चावीवाले. खांद्यावर पुरुषभर लोखंडी चावी, तिने रस्त्यातले व्हॉल्व्ह फिरवायचे आणि गावाला पाळीपाळीने पाणी सोडायचं. चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर, दुसरं कानाला. "आलं बगा, मारुतीपाशी पोचलं," म्हणत. टेकडीवरच्या वरच्या आळीत ते स्वतः राहत. त्या आळीला पाणी चढवायचं तर खालचं गाव तासभर बंद करावं लागे. हे कुठल्याच नकाशात नव्हतं, चाचांच्या मनगटात होतं.

मग चोवीस तास पाण्याची योजना आली. खासगी कंपनी बँकेचं कर्ज काढून नळ टाकणार, तीस वर्षं चालवणार, बिलातून वसूल करणार, आणि नगरपालिका म्हणे भागीदार! सल्लागाराने पडद्यावर सिंगापूर, मनिला, जकार्ता दाखवलं. त्याच्या एकाही चित्रात चढ नव्हता. "लोकांची मानसिकता बदलायला हवी," असं तो पोपट म्हणाला आणि सर्वांत आधी टाळ्या मी वाजवल्या.

मागून चाचा म्हणाले, "आवं सायेब, समद्या चाव्या उगड्या ठिवल्या की खालचं गाव पितंय आन् वरचं बगतंय. पानी काय तुमच्या मिटिंगला बसतंय व्हय?"

"काका, सगळं प्रेशरवर असतं आता," सल्लागार हसला. "साहेबांनी उंची मोजलीय ना!"

मोजली होती. भर वैशाखात मी टेकडी चढायला निघालो, निम्म्यावर मारुतीपाशी चहाची टपरी लागली, दोन कप झाले, आणि 'वर आणखी किती असणार' म्हणून तिथलीच उंची लिहून खाली उतरलो. पंपाचा सगळा हिशेब त्या दोन कपांवर उभा होता.

कर्ज देण्याआधी बँकेची माणसं वरच्या आळीत नळ वाहताना बघायला येणार होती. आदल्या दुपारी आम्ही नळ सोडून पाहिला. तो नुसता फुसफुसला. मी चाचांचं घर गाठलं आणि सगळं कबूल केलं.

"म्हंजी च्या पिऊन टेकडी बुटकी केली तुमी?"

"चाचा, नोकरी जाईल. रिटायर व्हायला दोनच वर्षं राहिलीत."

"आन् ही आळी तीस वर्सं काय करंल?"

ते उठले, गटारापर्यंत गेले, परत आले. "माजी नोकरी तर जानारच हाय. तुमची ऱ्हाऊ द्या. पर सह्या व्हायच्या आत कागद दुरुस्त करायचा. शबूद द्या."

मी दिला.

सकाळी चाचांनी खालच्या गावाचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद केले. वरच्या नळाने बँकवाल्यांचे बूट भिजवले. सगळे खूश. कागद दुरुस्त करायचं धाडस मला रोज दुपारी यायचं आणि चहाबरोबर उतरायचं. असंच उतरता उतरता सह्या झाल्या.

कंपनीने व्हॉल्व्हना कुलपं ठोकली, चाचांना बागेत झाडांना पाणी घालायला धाडलं, सल्लागार दुसऱ्या गावाची मानसिकता बदलायला गेला. वरची आळी कोरडी पडली. त्या सकाळी चाचांना व्हॉल्व्ह फिरवताना आळीतल्या चौघांनी पाहिलं होतं. "चाचानं कंपनीकडनं खाल्लं," असं झालं. माझं नाव घेतलं असतं तर सुटले असते. घेतलं नाही. फक्त मला बघून थुंकायचे थांबले. गटारापर्यंत जाण्याइतकीही माझी किंमत उरली नव्हती.

गेल्या वैशाखात चाचा गेले. मयताच्या आंघोळीला नळाला थेंब नव्हता आणि टँकर मारुतीच्या वळणावर अडला. पोरं, बाप्ये कळशा घेऊन धावत होते. मीही एक घेतली. टपरीवाला म्हणाला, "सायेब, टेका की वाईच." टेकलो नाही. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, मी कागदावर न चढवलेली टेकडी केवढी आहे.

दारात एक म्हातारा म्हणाला, "तुमी कशाला कष्ट घेतले? त्यानंच तर कंपनीकडनं खाल्लं हुतं."

"नाही," मी धापा टाकत म्हणालो. "त्यांनी काही खाल्लं नाही. मी चहा प्यायलो होतो." आणि मग पहिल्यापासून सगळं सांगितलं, शब्द दिल्याचंही.

चाचांचा मुलगा शकूर उठला, गटारापर्यंत गेला, थुंकला. परत येऊन त्याने माझ्या हातातली कळशी घेतली.