केंब्रिजच्या कल्याणीबाई विधानसभेत गेल्या त्याची गोष्ट

कल्याणी मेश्राम राजकारणात शिरली ती चुकीच्या दारातून. विद्यापीठाच्या नव्हे, कारखान्यांच्या केंब्रिजमधल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आंबेडकर जयंतीसाठी तिने हॉल बुक केला होता. त्याची किल्ली घ्यायला गेली आणि भलतीच खोली उघडली. आत एका पक्षाची सभा चालली होती. कुणीतरी हातात कॉफी दिली, "प्लीज, बसा" म्हणालं. आग्रह मोडायचा नाही म्हणून ती बसली.

माईकवरचे गृहस्थ सांगत होते, "कारखान्यांकडे जाणाऱ्या बसबद्दल लोकांची काही तक्रार नाही."

कल्याणी ताडकन उठली. या देशात आली तेव्हा त्याच बसची वाट बघत ती पहिला अख्खा विंटर गारठली होती. पुढे पेरोलची, म्हणजे पगाराचे हिशेब करायची चांगली नोकरी लागली, गाडी आली, पण तो राग तसाच होता. तो सगळा तिने तिथे ओतला. बोलून खाली बसली तर लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ती घरी आली, किल्ली विसरून.

आठवडाभरात पक्षाचा फोन आला. प्रांताच्या विधानसभेला उभी राहशील का? पक्षाचा तिथे दरवेळी तिसरा नंबर यायचा, त्यामुळे दुसरं कुणी तयार नव्हतं.

"हरायचंच आहे ना?" नवरा योगेश म्हणाला. तो गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. "मग घाबरतेस कशाला?"

मुलगी गुंजन म्हणाली, "मॉम, यू क्राय ॲट द डेंटिस्ट!"

कल्याणी उभी राहिली आणि हरली. पण नंबर दुसरा आला. योगेशने सावजी रस्सा केला, आणि सगळे व्हॉलंटियर नाकाडोळ्यांतून पाणी काढत तो ओरपत होते. टीव्हीवाल्या मुलीला वाटलं, पराभवाचं दुःख आहे. तसं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलंसुद्धा.

पुढची निवडणूक नेमकी बर्फात आली. दारोदार फिरताना एका अंगणात कल्याणीचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. ओढला तर पाय वर आला, बूट आतच. ती एका पायावर लंगडी घालत असताना घरमालक आजोबा बर्फ उपसायचं शोव्हल घेऊन बाहेर आले.

"तुमच्या पक्षाला मी जन्मात मत दिलेलं नाही," ते म्हणाले.

"मत राहू द्या. बूट तेवढा द्या!"

आजोबांना असं हसू फुटलं की पायरीवरच बसले. मग दोघांनी मिळून बूट खणून काढला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात कल्याणीच्या नावाची प्रचाराची पाटी होती, आणि त्या गल्लीत पाहता पाहता पाट्यांची रांगच लागली.

ती निवडून आली! थोडक्याच मतांनी, पण आली. गुंजन सोफ्यावर उड्या मारत चक्क मराठीत ओरडली, "आई जिंकली!" योगेशला कुठलं जास्त नवल वाटलं, कोण जाणे.

विधानसभेतल्या पहिल्या भाषणाला वर्ध्याहून आई आली, कमलाबाई. निळी साडी, वर विंटर जॅकेट. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही, हे गुंजनने तिला गॅलरीत बसवताना नीट समजावलं होतं.

कल्याणी उभी राहिली आणि पाठ केलेलं सगळं विसरली. तिने वर पाहिलं, आईशी नजर भिडली आणि तोंडून आपसूक निघालं, "जय भीम."

"जय भीम!" गॅलरीतून कमलाबाईंचा खणखणीत आवाज आला. त्या चक्क उभ्या राहिल्या होत्या.

सभापती उठले. "पाहुण्यांनी कृपया शांतता राखावी."

कल्याणीला हसू आलं. दाबलं तर आणखी आलं. शेजारच्या सदस्याला ते लागलं, मग मागच्या बाकाला, मग समोरच्या सरकारी बाकांनाही. शेवटी सभापतींनी कागदामागे तोंड लपवलं. हसून हसून भीती कुठल्या कुठे पळाली. मग कल्याणी बोलली. बसवर, थंडीवर, पहाटेच्या शिफ्टला अंधारात निघणाऱ्या बायकांवर. समोरच्या बाकांवरूनही टाळ्या पडल्या.

बाहेर आल्यावर कमलाबाईंनी विचारलं, "तो खुर्चीवरचा मले काय म्हणत होता?"

"शांत बसा म्हणत होते."

"अन् तुले काहून नाही म्हटलं?"

"मला बोलायलाच निवडून दिलंय, आई."

तेवढ्यात समोरून वाहतूक मंत्री आले, सरकार पक्षाचे. अभिनंदन म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो कमलाबाईंनीच दोन्ही हातांत धरला. "साहेब, माही पोरगी लय दिवस थंडीत उभी रायली. बसचं तेवढं पाहा."

कल्याणीने भाषांतर केलं. मंत्री म्हणाले, पाहतो. कमलाबाईंनी हात सोडला नाही. "कधी, म्हणा."

त्यापुढे कल्याणीला वर्षभर फायलींमागे पळावं लागलं, पण पहाटेची बस सुरू झाली. त्या दुपारी मात्र मंत्री हात सोडवून घेत होते, गुंजन "ओ माय गॉड, आजी!" म्हणत होती, आणि आमदार कल्याणी मेश्राम भिंतीला टेकून पोट धरून हसत होत्या.