एक रिंग म्हणजे खुशाल

मुलांनो,

गेल्या आठवड्यात मी डोंबिवलीच्या घरचा फोन कायमचा बंद करून आले. यंत्र पिशवीत घालून कार्यालयात नेऊन दिलं, पावती घेतली. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, इतकी वर्षं का ठेवलेला?" मागे रांग होती, म्हणून तिला काही सांगितलं नाही. पण उत्तर खरं तर तुमचं आहे, विशेषतः थोरलीचं, म्हणून ते तुम्हाला लिहून पाठवते आहे. वाचायला जड गेलं तर आईकडून वाचून घ्या. तिला यातलं बरंच माहीत आहे, पण ती सांगताना स्वतःची बाजू लावून धरते.

फोनसाठी आम्ही अर्ज केला तेव्हा तुमची आई चौथीत होती. फोन आला तेव्हा तिची दहावी झाली होती. मधल्या वर्षांत आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर होता. कुणाचा फोन आला की त्यांची सून जिन्यातून हाक मारायची आणि हातातलं काम टाकून धावावं लागायचं. आपला फोन आल्यावर मी पहिल्याच दिवशी वही केली. डावीकडे नाव, उजवीकडे नंबर, बदलला तर एक रेघ मारून खाली नवा. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. खाडाखोड मला मुलांच्या वहीतही चालत नसे.

ठाणे आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासावर, पण टेलिफोनच्या हिशोबाने ते दुसरं गाव होतं. आधी कोड फिरवायचा, आणि मीटर गावातल्या फोनपेक्षा कितीतरी भरभर पळायचा. तेव्हा ठाण्याला कुणी पोचलं की बोलायचं नाही, रिंग द्यायची, हे सगळ्या घरांत होतं. फोन उचललाच नाही तर मीटर पडत नाही. आमच्या घरी मी त्याचे नियम करून वहीच्या पहिल्या पानावर लिहिले होते. एक रिंग म्हणजे खुशाल. दोन म्हणजे उशीर होईल. तीन म्हणजे बूथ गाठून फोन करा.

तुमच्या आईचं लग्न होऊन ती ठाण्यात माजिवड्याला गेली, आणि वर्षाभरातच तुमच्या बाबांनी मोबाइल घेतला. ते शीळफाट्याच्या पुढे एका बांधकामावर इंजिनियर होते. मोबाइल हातात धरला तर वीट धरल्यासारखं वाटायचं. तुम्हाला पटणार नाही, पण तेव्हा आलेला फोन घेण्याचेही पैसे पडत. एक मिनिट बोललात की दोन वडापाव गेले. त्यामुळे तुमचे बाबा मोबाइल उचलत नसत. तो वाजू देत, रिंगा मोजत, आणि गरज असेल तर शीळफाट्याच्या एका बूथवर जाऊन आम्हाला फोन करत. मोबाइलवाला माणूस रोज बूथवर येतो म्हणून तिथला बूथवाला त्यांची चेष्टा करायचा. "साहेब, तो डबा शोकेसमध्ये ठेवा, शोभून दिसेल," असं म्हणायचा.

तेव्हा आमच्या भागात मोबाइलच्या दोनच कंपन्या होत्या. सोमवारी एकीने वर्तमानपत्रात दर उतरवल्याची जाहिरात दिली की गुरुवारी दुसरी त्याच पानावर आणखी उतरवायची. तुमचे बाबा त्या जाहिराती कापून ठेवत. कंपनी बदलली की नंबरही बदलायचा, त्यामुळे माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे रेघांची शिडी झाली होती. मी एकदा म्हटलंसुद्धा, की तुमचं एकट्याचं मी आता स्वतंत्र पान करते.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुमची आई सातव्या महिन्यात डोंबिवलीला आली. तिची एकच अट होती. बाळ होताना नवरा दवाखान्यात हवा. तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी तुमचे आजोबा फिरतीवर होते आणि त्यांना आठ दिवसांनी कळलं. ती गोष्ट मी तिला लहानपणी इतक्यांदा ऐकवली होती, की तिने ती मनात धरून ठेवली असावी. तुमच्या बाबांनी वचन दिलं. ठरलं असं, की कळा सुरू झाल्या की मी तीन रिंगा द्यायच्या. ते बूथवरून फोन करतील आणि निघतील.

त्या दिवशी सकाळी सातला तिला कळा सुरू झाल्या. तारीख अजून दहा दिवस लांब होती. आजोबा रिक्षा आणायला गेले. मी वही उघडली, आदल्या संध्याकाळी लिहून घेतलेला सगळ्यात खालचा नवा नंबर फिरवला आणि रिंगा मोजायला लागले. एक झाली, आणि पलीकडून आवाज आला, "हॅलो?"

मी रिसीव्हर खाली ठेवला.

घाबरून नव्हे. माणूस तापल्या तव्यावरून हात मागे घेतो तसा. त्यांचं मिनिट सुरू होईल, एवढंच हाताला कळलं. वर मी निवांत खुर्चीवर बसले, की आता ते बूथवरून फोन करतील. मांडीवर बाळंतविड्याची पिशवी, समोर घड्याळ. दहा मिनिटं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्यांना माझी एकच रिंग गेली आहे. म्हणजे खुशाल आहे, असा निरोप मीच दिला होता.

पुन्हा फिरवला. एक बाई आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत म्हणाली, की हा ग्राहक क्षेत्राबाहेर आहे. तिचे उच्चार फार शुद्ध होते. तुमचे बाबा साइटच्या वाटेला लागले होते, आणि तिकडे त्या नव्या कंपनीची रेंज पोचत नव्हती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की बाळ आडवं आहे, ऑपरेशन लागेल, सही करा. तुमची आई म्हणाली, सही त्याची. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. अकरापर्यंत थांबते, म्हणाल्या, त्यापुढे नाही. मी कागद हातात घेतला होता. तुमच्या आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी तो खाली ठेवला. फोनचं काय झालं ते मी तिला तोवर सांगितलं नव्हतं.

दवाखान्यातल्या रुपयाच्या फोनवरून गावाबाहेर फोन लागत नसे. समोरच्या गल्लीत एक बाई बूथ चालवायच्या. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी चार वेळा मोबाइल लावला, चारही वेळा तीच शुद्ध उच्चारांची बाई. बूथवाल्या बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"बाई, तुम्ही बसा. कुठे असतात जावई?"

शीळफाट्याच्या पुढे, म्हटलं. तिथल्या बूथवरून रोज फोन करतात.

"मग आधी नाही का सांगायचं? तिथे माझा चुलतभाऊ बसतो. कंपनीची रेंज जाते, त्याची नाय जात."

त्यांनी पाठ असलेला नंबर फिरवला आणि भावाला म्हणाल्या, "अरे, तो मोबाइलवाला साहेब आहे ना तुझा, त्याला उचल आणि डोंबिवलीला पाठव. बायको अडलीय." पलीकडे काही विचारायची गरज पडली नाही. माणूस ओळखीचा होता, साइट ठाऊक होती. भावाने बूथला कुलूप लावलं आणि स्कूटर काढली. तुमच्या बाबांनी एरवी मोबाइल मोकळेपणाने उचलला असता, तर ते बूथवर गेलेच नसते आणि त्या भावाने त्यांचं तोंडही पाहिलं नसतं.

अकराला दहा कमी असताना तुमचे बाबा आले. बुटांवर सिमेंट होतं, नर्सने ते बाहेर काढायला लावले. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. तोवर मी तुमच्या आईला माझी चूक सांगून टाकली होती. तिला कळांमध्येही भांडायला जोर होता.

"पहिल्या रिंगला कोण फोन उचलतं?"

"नवीन प्लॅन आहे. आलेल्या फोनची पहिली काही मिनिटं फुकट."

"मग आईला सांगायचं ना."

"काल नंबर सांगून लगेच ठेवला. आणखी बोललो असतो तर पैसे पडले असते."

ती हसली आणि हसता हसता कळवळली. ते तिचा हात धरून दारापर्यंत गेले. साडेअकराला थोरली झाली. माझ्याआधी तिला त्यांनी पाहिलं, आणि ते तसंच व्हायला हवं होतं. पहिले पेढे मी बूथवर नेले. शीळफाट्याचा पुडा तुमच्या बाबांनी स्वतः पोचवला.

घरी आल्यावर मी वहीच्या पहिल्या पानावर चौथा नियम लिहिला. काम तातडीचं असेल तर बोलावं.

दर त्यानंतर उतरतच गेले. आलेला फोन फुकट झाला, मग केलेलाही जवळजवळ तसाच. आज माझ्या मोबाइलमध्ये रोजचा जो डेटा येतो तो रात्री तसाच वाया जातो. त्या बूथच्या जागी आधी झेरॉक्स आली, आता मोबाइलची कव्हरं मिळतात. घरच्या फोनचं यंत्रही गेलं.

वही माझ्याकडे आहे. तिच्यात तुमच्या बाबांचे सात नंबर आहेत, सहा खोडलेले. आणि तुमची आई तिकडे कामावरून घरी पोचली की रोज माझ्या मोबाइलवर एक रिंग देते. मी उचलत नाही.