शेजारचा मोकळा प्लॉट

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीही नाही — आणि ते तर रोज सकाळी माझ्यासमोर बसून चहा पितात.

शहादा सोडून लोणखेड्याच्या बाजूला थोडं पुढे आलात की आमची कॉलनी लागते. मोजके बंगले, मागे पपई, पलीकडे केळी. बागायतदार, प्राध्यापक, एक-दोन डॉक्टर. हिवाळ्यात सकाळी धुकं केळीच्या पानांवर टेकलेलं असतं आणि उत्तरेला सातपुडा दिसतो — फिकट, पाटीवर पुसायची राहून गेलेल्या अक्षरांसारखा. दुपारी इतकं शांत, की आपण जागे आहोत की झोपेत, तेच कळत नाही. मी शाळेतून निवृत्त होऊन इथे आले, तेव्हा पहिले काही महिने मी फक्त हवा खाल्ली, असं म्हटलं तरी चालेल.

शमीम माझी पहिलीपासूनची मैत्रीण. एका बाकावर बसलो, एकाच वर्षी लग्नं झाली. ती शिवणकाम करते. माझा एकही ब्लाउज दुसऱ्या कुणी शिवलेला नाही. तिचे मिस्टर, हारूनभाई, गाद्या भरायचे. आयुष्यभर कापूस पिंजून त्यांच्या छातीत धाप बसली होती. घर गावातल्या अरुंद बोळात, खिडकी उघडली की समोरच्याची भिंत. डॉक्टर म्हणाले, मोकळ्या हवेत राहा. लेकीनं, जावयानं हातभार लावला. आणि आमच्या शेजारचा प्लॉट विकायला निघाला.

मला आनंद झाला का? झाला होता. खरंच झाला होता. कुंपणावरून तिला हाक मारीन, असंही मनात आलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे केलं ते त्यानंतर केलं.

आम्ही चार-पाच बायका संध्याकाळी फिरायला जायचो. त्या आठवड्यात समोरच्या बंगल्यातल्या वहिनी चालता चालता म्हणाल्या, "तुमनी ती शिवणवाली मैत्रीण प्लॉट इचारी ऱ्हायनी म्हने?" पुढे काही नाही. फक्त सगळ्याजणी जरा हळू चालायला लागल्या. आणि मी — मी हसले. "नई हो, सहज इचारं व्हयी तिनं," म्हणाले. कुणी धमकी दिली नव्हती. कुणी वाईट शब्दही काढला नव्हता. मला कशाची भीती वाटली? हळदीकुंकवाला बोलावणं येणार नाही याची? फिरायला जाताना कुणी हाक मारणार नाही याची? इतकी लहान भीती असते का माणसाला?

दोन दिवसांनी शमीम आली. माझ्या ओट्यावर बसली, चप्पल काढून पाय गार फरशीवर ठेवले. म्हणाली, "तू अठे राहस. तुले समदं माहीत शे. चांगलं काय, वाईट काय, खरं सांग. तू सांगशी तसंच करसूत."

मग मी सांगायला लागले. अंधार पडला की रिक्षा मिळत नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही गावात जावं लागतं. पावसाळ्यात कुंपणाशी साप निघतात. हारूनभाईंना मध्येच धाप लागली तर दवाखाना लांब. घरं मोठी, पण आत दोन-दोन म्हातारी माणसं. दिवसभर बोलायला कुणी नाही. यातलं एकही खोटं नव्हतं — हे मी स्वतःला कितीदा सांगितलं असेल! ती ऐकत होती, आणि तरी तिची नजर त्या प्लॉटवरच्या बाभळीकडे जात होती. म्हणाली, "पन हवा किती ग्वाड शे वं."

तेव्हा मी म्हणाले, "मार्च लागना का बोअर आटी जास. टँकर मांगतस आम्ही."

आमचा बोअर बारा महिने चालतो.

ती जरा जवळ सरकली. मग माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "तू कशी राहस मंग अठे, माय?" म्हणाली.

त्यांनी प्लॉटचा विषय सोडला. आणि मार्च लागला तसा दर शुक्रवारी एक रिक्षावाला माझ्या दारात पाण्याचा जार ठेवून जायला लागला. "शमीमआपांनी पाठवलंय." मी घेतला. प्रत्येक शुक्रवारी घेतला. फोन करून तिला बरं वाटेल असं काहीतरी बोललेही. नवऱ्यानं विचारलं, तर मी म्हणाले, हे पाणी प्यायला गोड लागतं. कधी कधी तो जार मी मोगऱ्याला ओतायची — दुपारच्या त्या शांततेत, कुणी पाहत नसताना.

मे महिन्यात ती न कळवता आली, ब्लाउज द्यायला. सकाळी बागेत लावलेला पाइप मी बंद करायला विसरले होते. पाणी आळ्यातून वाहून फाटकाखालून रस्त्यावर आलं होतं. ती फाटकात थांबली. मग आत आली, वाकून नळ घट्ट बंद केला, पदराला हात पुसले. "सुनंदा, पानी वाया जाई ऱ्हायनं," एवढंच म्हणाली. ब्लाउज दिला, बाही घालून बघायला लावली, चहा घेऊन गेली. त्यानंतर जार आले नाहीत. तिनं कधी विचारलं नाही.

प्लॉट एका प्राध्यापकांनी घेतला. घेण्याआधी तेही नवरा-बायको माझ्याच ओट्यावर बसून विचारून गेले. मी त्यांना इथलं सगळं चांगलं सांगितलं. पाण्याचंही.

हारूनभाई गेल्या दिवाळीनंतर गेले. फुप्फुसं आधीच खराब झाली होती, असं डॉक्टर म्हणाले. ते बरोबरच असेल. मी काही त्याच्याआड लपत नाही. मी भेटायला गेले तेव्हा खोली बायकांनी भरली होती, त्या खिडकीतून वारा येत नव्हता. शमीमनं मला जवळ बसवून घेतलं, माझा हात धरला. सुरतेहून आलेल्या कुणा नात्यातल्या बाईला सांगू लागली, "त्यासले मोकळी हवा पाहिजे व्हती. नई भेटनी."

असं म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातही सोडला नाही.

मी मान खाली घालून बसून राहिले, आणि त्या बाईला वाटलं, मी रडते आहे.