हळदीच्या हातांवरचा गिलावा

सेलूच्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत आजेसासऱ्यांनी बांधली, आणि बांधताना त्यांचं लक्ष दुसरीकडे असावं. खाली काळा दगड, तोही घोटल्यासारखा गुळगुळीत. वर मातीत बसवलेल्या विटा. आणि साऱ्यावर किती दिवाळ्यांचं शेणसारवण चढलेलं, देव जाणे. पावसाळ्यात ती अशी झिरपे, की आतल्या खोलीत खाटेखाली बेडूक बसत. ती खोली माझी. पहिलं लेकरू माहेरी झालं, दुसरं आषाढात याच खोलीत व्हायचं होतं. बेडकांच्या देखत बाळंत व्हायची माझी तयारी नव्हती. मी हट्ट धरला, गिलावा पाहिजे.

सासऱ्यांनी वर्ध्याहून म्हातारे मिस्तरी आणले. त्यांनी भिंतीवर नख ओढलं, तर सारवणाचा पापुद्राच हातात आला.

"चुना भिंतीले धरते, शेणाले नाई," ते म्हणाले. "आधी हे सारं खरवडा."

मग सांधे उकरले, दगडाला छिन्नीनं टाचे मारले, म्हणजे बारीक खड्डे पाडले, चुन्याला पकडायला जागा हवी म्हणून. पण दाराजवळ सासूबाई आडव्या उभ्या राहिल्या. तिथं जुन्या सारवणावर घरात आलेल्या सुनांचे हळदीचे हात उमटवलेले होते: आजेसासूंचा, सासूबाईंचा, माझा. सारवताना तेवढी जागा आम्ही दरवर्षी सोडायचो.

"हातांवर घाव नाई घालायचा. वरून लिपा. देव पाहून घेते."

"माय, देवाले गिलाव्याचं काम येत नाई," मिस्तरी म्हणाले. पण सासूबाईंपुढे देवाचंही चालत नसे, त्यांचं काय चालणार? त्यांनी तेवढी जागा तशीच लिपली.

आठवड्यानं ते पुन्हा आले, बोटाच्या पेरानं भिंत वाजवत चालले. सगळीकडे दगडासारखा आवाज. दाराजवळ मात्र मडक्यासारखा.

"पोकळ आहे. पहिल्या पावसात पडते," ते म्हणाले, आणि करणीचं, म्हणजे लोखंडी थापीचं टोक लावलं. अख्खा तुकडा भाकरीसारखा सुटून खाली आला. मागे तिन्ही हात जसेच्या तसे.

सासूबाई म्हणाल्या, "पाह्य, पूर्वजाईनं ढकलला."

मी आठव्या महिन्याचं पोट सांभाळत खुरपं घेतलं. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, तुमचे हात तुम्ही ठेवा. मी माझा काढून राह्यली. मले बेडूक नाई पाहिजे." आणि माझा हात खरवडू लागले.

 त्यांनी माझ्या हातातून खुरपं हिसकावलं.

"तुले धड खरवडताबी येत नाई. सरक."

मला वाटलं माझाच हात पुरा करतील. त्यांनी खुरपं सरळ वर नेलं, त्यांच्या सासूच्या, म्हणजे आजेसासूंच्या हातावर. असं खुरपं चाललं, की मिस्तरी दोन पावलं मागे सरले. पार विटेला लागल्यावर सासूबाई थांबल्या, घाम पुसला.

"लई वर्षं मानेवर होता," म्हणाल्या. मग माझा उरलेला काढला, शेवटी स्वतःचाही, पण तो सावकाश.

मिस्तरींनी टाचे मारले, भिंत भिजवली, नवा चुना चढवला. आषाढात झड लागली आणि मुलगी झाली. खाटेखाली कोरडं ठणठणीत. बाळ बघायला जी बाई येई, तिला सासूबाई आधी भिंतीपाशी नेत, पेरानं वाजवून दाखवत, आणि म्हणत, "आईक. मी खरवडली आहे." बाळ त्यानंतर.