शेवटपर्यंत ऐकणारा माणूस

हळदीच्या मांडवात शर्ट काढून डोक्यावर गरगर फिरवणारे बाप्ये बघितले की मला मळमळतं. आधी नुसती चीड यायची. आता मी पदर नाकाला लावून सरळ घरची वाट धरते. लोक म्हणतात, राजश्रीला हल्ली कुणाचं सुख बघवत नाही. म्हणोत बापडे. मी जे बघितलंय ते त्यांनीही बघितलंय, फक्त त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

आमचे जोतीरामभाऊ अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. मी तिथेच टॉवेलच्या घड्या घालते. भाऊंचं गाव मंगळवेढ्याकडचं. लग्न झाल्यावर सोलापुरात आले आणि आमच्याच गल्लीत राहिले. दिवसभर मागांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचा डावा कान पार गेलाय. आणि अशा माणसाला नाद कशाचा, तर नवी गाणी शोधायचा!

नवी म्हणजे सिनेमातली नव्हेत. कुठल्या कंपनीचीही नव्हेत. ज्यांना कुत्रं विचारत नाही अशा पोरापोरींनी स्वतः लिहून, स्वतः म्हणून, आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधडी लावलेल्या खोलीत मोबाईलवर रेकॉर्ड करून टाकलेली गाणी. जेवणाच्या सुट्टीत भाऊ एका हाताने भाकरी मोडतात आणि दुसऱ्या हाताने मोबाईलवर गावांची नावं घालत बसतात. मोहोळ, माढा, करमाळा, इंडी. नावापुढे लिहायचं ‘नवीन गाणं’ आणि आज-काल काय आलंय ते बघायचं. एसटीच्या पाट्या वाचून पाठ झालेली सगळी गावं त्यांनी अशी पालथी घातलीत.

खोटं कशाला बोलू, त्यातली बहुतेक गाणी भिकार असतात. एकजण तर नाकात गातो की घशात तेच कळत नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, न्हाय आवडलं तर बंद करा की. कुणी पाळत ठिवलीया व्हय तुमच्यावर?"

"आगं, त्यानं शेवटपतुर म्हणलंय न्हवं?" भाऊ म्हणाले. "मग आपुन अर्ध्यातनं कसं उटायचं?"

गाणं संपलं की खाली लिहायचं, ‘पूर्ण ऐकलं. जोतीराम, सोलापूर.’ छान नाही, वाईट नाही, तेवढंच. जे खरंच आवडेल ते कारखान्याच्या ग्रुपवर टाकायचं. आता आमचा ग्रुप म्हणजे उकिरडा. भाऊंनी गाणं टाकलं की न उघडताच कुणीतरी अंगठा दाखवतो आणि लगेच त्याच्या उरावर गुलाबाचं फूल, शुभ सकाळ आणि कुणाच्या तरी साहेबाचा वाढदिवस. फुकटचं ऐकायलासुद्धा यांचे कान दुखतात. मी दोन-तीनदा सगळ्यांना खडसावलं, तर मलाच अंगठा मिळाला.

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी भाऊ माझ्याकडे आले आणि इअरफोन माझ्या कानात घातला. शिवराज नावाच्या पोराचं गाणं होतं. हा शिवराज चिंचोळी एमआयडीसीत पॅकिंगला असतो. त्याची आई, दगडाबाई, विड्या वळायची. ती वारली. तिचा आवाज म्हणून त्याच्याकडे मोबाईलवरचा एकच निरोप उरला होता. बाकीचे त्यानेच कधीतरी मोबाईलात जागा पुरत नाही म्हणून पुसून टाकले होते. तो निरोप त्याने गाण्याच्या मध्ये ठेवला होता. पोरगं गात गात थांबतं आणि आई म्हणते, "शिवा, जेवलास का रं? डब्यात कालवण हाय, सांडू नगंस."

एवढंच. त्यानंतर ते पुन्हा गातं, आणि गाताना त्याचा आवाज जरा फाटतो. मला चटकन रडू येत नाही, पण त्या दिवशी मी टॉवेलच्या घड्या उलट्या घातल्या आणि सुपरवायझरच्या शिव्या खाल्ल्या.

भाऊंनी खाली आपलं नेहमीचं लिहिलं. त्यावरून शिवराजने त्यांचा नंबर मिळवला आणि एका रविवारी भेटायला आला. सडपातळ, लाजरं पोरगं. चहा हातात धरून म्हणाला, "काका, माज्या आईला गल्लीभाईर कोण वळकत न्हवतं. तिनं कुणाला कवा काय मागितलं न्हाय. तिचा आवाज तेवढा लोकांनी ऐकावा, बास."

भाऊंनी ते मनावरच घेतलं. जो भेटेल त्याला गाणं ऐकवायचे. असंच एकदा त्यांनी ते आमच्या गल्लीतल्या नंदीशला ऐकवलं. नंदीशचा डीजे आहे. गळ्यात साखळी, तोंडात मावा आणि भिंतीएवढे स्पीकर. आईचे शब्द आले तिथवर ऐकून त्याने इअरफोन काढला.

"काका, माल भारी हाय. भारतकाकाच्या पोराच्या हळदीत लावतो. आख्खी गल्ली ऐकंल. फकस्त मला त्या म्हातारीचा आवाज सुटा पायजे, म्युझिकबिगर. मंजे स्पीकरवर क्लियर वाजतंय."

मी तिथेच म्हटलं, "भाऊ, नंद्याच्या नादाला लागू नका." पण भाऊ मागावरचा माणूस. त्यांचं म्हणणं, सूत चांगलं दिलं की कापड चांगलंच निघतं. त्यांनी शिवराजला फोन केला. ते पोरगं आधी कां-कूं करत होतं. आईचा तो निरोप त्याने कुणालाच सुटा दिला नव्हता. "तुमी म्हणताय म्हणून देतो काका," असं म्हणून त्याने पाठवला. भाऊंनी तो जपून नंदीशच्या हवाली केला.

हळदीच्या संध्याकाळी शिवराज इस्त्रीचा शर्ट घालून आला. बरोबर धाकटी बहीण रेश्मा. भाऊंनी दोघांना पुढच्या खुर्च्यांवर बसवलं आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहिले, पोरीच्या लग्नात बाप उभा राहतो तसे.

आधी कुठल्याशा यंत्रातल्या बाईने नंदीशचं नाव किंचाळून सांगितलं. मग ढोल सुरू झाला. छातीत बसतो तसला. आणि त्याच्यावर दगडाबाईचा आवाज.

"जेवलास का रं? जेवलास का रं? का रं? का रं? का-का-का-का रं?"

"व्हय!" सगळा मांडव ओरडला.

मला आधी कळेचना. मग कळलं. शर्ट निघाले. घामाने निथळणारी, हळदीने बरबटलेली पोटं एकमेकांवर आदळायला लागली. एकजण जमिनीवर लोळून पाय झाडत होता. दोघांनी नवा खेळ काढला: म्हातारीने ‘जेवलास का’ विचारलं की एकाने दुसऱ्याच्या तोंडात बाटली कोंबायची. दारू हनुवटीवरून छातीवर ओघळत होती आणि बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. आमच्याच बायका, विड्या वळणाऱ्या, टॉवेल शिवणाऱ्या. शिवराजच्या गाण्यातली एक ओळ म्हणून वाजली नाही. आईचा तेवढा तुकडा तोडून घेतला होता आणि तोच चघळत होते सगळे. मेलेल्या माणसाच्या ताटात थुंकावं तसं.

भाऊ नंदीशकडे धावले. त्याचा दंड धरून ओरडत होते, "बंद कर! आरं बंद कर ते!" त्या आवाजात कुणाला काय ऐकू जाणार? नंदीशने हसत हसत माईक घेतला.

"हे गाणं आपल्याला कुणी दिलंय? आपल्या जोतीरामकाकांनी! उचला काकांना!"

आणि त्या उघड्या, ओल्या माणसांनी भाऊंना खांद्यावर घेतलं. भाऊ हात हलवत होते, नको नको म्हणून. खालून बघणाऱ्याला वाटावं, माणूस नाचतोय. मी खुर्च्यांकडे वळून बघितलं. रेश्माने कान झाकले होते. शिवराज खांद्यावरच्या भाऊंकडे बघत होता. मग तो उठला, बहिणीला उठवलं आणि दोघं गर्दीतून वाट काढत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी नंदीशला रस्त्यात गाठलं. "आरं नंद्या, मेलेल्या बाईचा आवाज हाय त्यो. लेकाला ईचारतीया ती."

"मला काय म्हाईत, मावशी? म्या फुडचं ऐकलंच न्हाय." पिचकन थुंकून तो म्हणाला, "पर वाजलं तर भारी न्हवं?"

त्याची पिचकारी माझ्या चपलेवर उडाली. मी घरी जाऊन चपला धुतल्या, पुन्हा पुन्हा धुतल्या.

पुढे ते नाचाचं गाणं नंदीशच्या नावाने सगळीकडे पसरलं. आमच्या ग्रुपवर, जिथे भाऊंचं एक गाणं कुणी उघडलं नव्हतं, तिथे ते आठवडाभर फिरत होतं. डबे उघडले की एकजण कंबर हलवून विचारायचा, "जेवलास का रं?" आणि बाकीचे ओरडायचे, "व्हय!" त्यांच्या भाकरीकडे बघून मी माझा डबा झाकून ठेवायचे. भाऊ डबा घेऊन गेटाबाहेर लिंबाखाली बसायला लागले. शिवराज त्यांचा फोन उचलत नव्हता.

शेवटी मीच म्हटलं, चला. आम्ही दोघं चिंचोळीला गेलो आणि त्याच्या कारखान्याबाहेर थांबलो. सुट्टी झाल्यावर शिवराज आला. रागावला असेल असं वाटलं होतं, पण त्याने वाकून भाऊंच्या पायाला हात लावला. भाऊंना तर ते जास्तच लागलं.

"पोरा, चुकलं माजं," भाऊ म्हणाले. "नंद्याला ते काडायला लावतो. पाया पडतो त्येच्या, पर लावतो."

"ऱ्हाऊ द्या काका. किती जणाच्या मोबाईलातनं काडशीला?" शिवराज म्हणाला. मग पुढे म्हणाला, "तुमच्यावर राग न्हाय. पर मी आईचा निरोप लावला की मला तिच्या मागनं ढोल ऐकू येतोय. ती ईचारती अन् मागनं लोकं ‘व्हय’ वरडत्यात. मंग मी बंद करतो."

मी विचारलं, "अन् रेश्मा? ती बरी हाय न्हवं?"

"बरी हाय, मावशी. आई गेल्यापासनं मी घरी आलो की तीच मला ईचारायची, आईवानी." शिवराजने डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आता ईचारत न्हाय. ताट वाडून म्होरं सरकवती अन् आत जाती."